निबंधातून निसटलेला म्हातारा

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या कादंबरीवरचा तुझा निबंध मिळाला. काल दुपारी कूलरसमोर बसून वाचला. भाषा चांगली आहे, शुद्धलेखन माझ्या अपेक्षेपेक्षा बरंच बरं आहे आणि तू पुस्तक खरोखर वाचलंयस हेही दिसतं. हल्ली तेवढंही गृहीत धरता येत नाही. पण दुसऱ्या पानावर तू जी यादी दिलीस, ती वाचून मी कागद बाजूला ठेवला. समुद्र म्हणजे जीवन, मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे समाज, मनोलिन हा पोरगा म्हणजे आशा, सिंह म्हणजे पराक्रम. आणि शेवटी सान्तियागो, तो म्हातारा कोळी, म्हणजे चिकाटी. पोरी, एवढं सगळं जर पाच ओळींत उरकत असेल तर हेमिंग्वेनं उगाच कागद खर्ची घातले म्हणायचे.

रागावून लिहीत नाही. परिसंवाद पावसाळ्यानंतर आहे, तुझ्याकडे वेळ आहे, आणि तुझ्यात हे नीट करण्याची कुवत आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लेखकाचं ऐक. 'द ओल्ड मॅन अँड द सी' सप्टेंबर १९५२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या एकाच अंकात अख्खी छापून आली आणि त्या अंकाच्या पन्नास लाखांहून जास्त प्रती दोन दिवसांत खपल्या. (१९५२ हे साल आपल्या गावाला वेगळ्या कारणानं आठवतं. त्या वर्षी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं होतं, आणि त्यानंतर थेट २०२४ ला.) पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, १९५४ ला नोबेल. पुस्तक आल्याबरोबर लोक प्रतीकं शोधायला लागले. त्याआधीच्या, १९५० च्या कादंबरीला समीक्षकांनी झोडपलं होतं, त्यामुळे शार्क म्हणजे समीक्षक असंही काहींनी ठरवून टाकलं. त्याच सप्टेंबरात हेमिंग्वेनं बेरेनसन नावाच्या कलासमीक्षकाला पत्रात स्पष्ट कळवलं की यात प्रतीक वगैरे काही नाही. समुद्र हा समुद्र आहे, म्हातारा हा म्हातारा, मासा हा मासा, आणि शार्क हे शार्कच, कमी नाहीत की जास्त नाहीत.

आता यावर तू म्हणशील, मग माझा विषयच गेला. नाही गेला. दोन वर्षांनी 'टाइम'ला मुलाखत देताना तो थोडा सैल झाला. आधी ठरवून चिकटवलेली प्रतीकं पावातल्या मनुकांसारखी वर दिसतात, असं तो म्हणाला. मनुकांचा पाव वाईट नसतो, पण साधा पाव जास्त चांगला. आपण खरा म्हातारा, खरा पोरगा, खरा समुद्र आणि खरा मासा उभा करायचा प्रयत्न केला, आणि ते पुरेसे खरे उतरले असतील तर त्यांचे पुष्कळ अर्थ होतील, असं त्याचं म्हणणं. तुझा निबंध मला मनुकांचा वाटला. पाव कुठे आहे?

पाव दोरीत आहे. तुझ्या निबंधात दोरी एकदाही आलेली नाही.

पहाटे म्हातारा गळ सोडतो ते पान काढ. चार आमिषं, चार खोलींवर: चाळीस वाव, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे. इतर कोळी दोऱ्या प्रवाहाबरोबर वाहू देतात. त्यांना वाटतं गळ शंभर वावांवर आहे, प्रत्यक्षात तो साठावर लोंबकळत असतो. हा मात्र दोऱ्या सरळ ठेवतो, म्हणजे त्या काळोख्या पाण्यात ज्या पातळीवर आमिष हवं, नेमकं तिथेच ते मिळेल. चौऱ्याऐंशी दिवस एक मासा लागलेला नाही, आणि हा माणूस दोऱ्या सरळ ठेवतोय. नशीब असलेलं चांगलंच, पण मी नेमकेपणा पसंत करीन, असं तो मनाशी म्हणतो. म्हणजे नशीब येईल तेव्हा आपण तयार असू. आणि मासा लागतो तो शंभर वावांच्या गळालाच, जमिनीच्या मापात सहाशे फूट खाली.

माझ्या मते चिकाटी इथे आहे, पुढच्या दोन रात्रींच्या झुंजीत त्यापेक्षा कमी. झुंज सगळ्यांना दिसते. पंच्याऐंशीव्या दिवशी पहाटे दोरी सरळ ठेवणं कुणाला दिसत नाही, आणि त्याबद्दल कुणी टाळ्याही वाजवत नाही.

मग मासा होडी ओढायला लागतो तेव्हाही बघ. म्हातारा दोरी होडीला बांधून टाकत नाही. बांधली तर हिसक्यासरशी तुटेल. ती पाठीवरून घेतो, खाली गोणपाट सरकवतो, आणि जिथे सोडायची तिथे सोडतो, जिथे धरायची तिथे धरतो. डावा हात आखडतो तेव्हा त्याला शिव्या घालतो, आणि कच्चा मासा चावून चावून खातो की त्यानं हात सुटेल. मीठ आणि लिंबू आणायला हवं होतं असं त्याला वाटतं. मला हे मीठ-लिंबू फार आवडतं. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला चव आठवते. हे सगळं तुझ्या 'प्रखर इच्छाशक्ती' या दोन शब्दांत मावलेलं नाही, मावणारही नाही.

आता ते वाक्य. तू निबंधाच्या माथ्यावर ठेवलंयस: माणूस नष्ट होईल, पण हरणार नाही. धुळ्याच्या भरती अकॅडमीच्या भिंतीवरही तेच रंगवलेलं दिसतं, आणि पोरांच्या स्टेटसवर तर विचारूच नको. वाक्य खरंच त्याचं आहे, म्हातारा ते मोठ्यानं बोलतो. पण कधी बोलतो? पहिला शार्क येऊन चाळीस पौंडांचा लचका तोडून गेला आहे, हार्पून (दोर बांधलेला भाला) त्याच्याबरोबर गेलं आहे, तेव्हा. आणि त्याला लागूनच पुढचं वाक्य काय आहे? मासा मारला याचं मला वाईट वाटतंय. आता वाईट वेळ येणार आणि हातात हार्पूनही नाही. भिंतीवर हे दुसरं वाक्य कुणी रंगवत नाही.

पुढे तर तो सरळ कबूल करतो. रात्री शार्कांनी सगळं फस्त केल्यावर स्वतःला विचारतो, तुला कशानं हरवलं? आणि मोठ्यानं म्हणतो, कशानंच नाही. मी फार लांब गेलो. घरी आल्यावर पोराला सांगतो, त्यांनी मला हरवलं, मनोलिन, खरंच हरवलं. पोरगा म्हणतो, माशानं नाही हरवलं. म्हातारा म्हणतो, नाही, ते नंतर झालं. म्हणजे ज्याच्या तोंडी ते पोस्टरचं वाक्य आहे, तोच माणूस शेवटी 'हरलो' म्हणतो, आणि त्यात लाज वाटून घेत नाही. तुझ्या निबंधात ही दोन्ही टोकं एकत्र यायला हवीत. एकच घेतलंस तर तू कादंबरीवर नाही, पोस्टरवर लिहिलंस.

'फार लांब गेलो' यावर जरा थांबतो, कारण हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं.

माघात मी तुमच्या शेतावर आलो होतो, आठवतं? कापूस उभाच होता. आजूबाजूचे काढून मोकळे झाले होते, कुणी मका केला होता, कुणी हरभरा. तुझे वडील मात्र ठिबक चालू ठेवून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांचं वाढीव पीक, घेत होते. मला बांधावर उभं करून त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं. वरून ठणठणीत, एक डाग नाही. नखानं फोडलं तर आत एक गुलाबी अळी, सरकीला भोक पाडून बसलेली, आणि पाकळीतला कापूस पिवळा, घट्ट, कवडी झालेला. काही फुलं पाहिली, पाकळ्या वर एकमेकींना चिकटलेल्या, उमलायच्याच नाहीत अशा. डोमकळ्या. तुझे वडील एवढंच म्हणाले, "आजून आठ दिन दखू."

२०१७ च्या हंगामात या अळीनं काय केलं ते तू लहान असलीस तरी तुला आठवत असेल. तेव्हापासून कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, फरदड घेऊ नका. शेतात उभं पीक राहिलं की अळीला वर्षभर खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामात आयती हजर. हे तुझ्या वडलांना माहीत नाही असं नाही. पण पहिल्या वेचणीत खर्च निघाला नव्हता, दुसरं पीक घ्यायला हातात पैसा नव्हता, पाणी तेवढं होतं. मग माणूस आणखी थोडं लांब जातो. मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. पण त्याला चिकाटी म्हणून हारही घालणार नाही. शेतकऱ्याला 'हार मानू नका' असं ज्यांचं स्वतःचं शेत नाही तेच फार उत्साहानं सांगतात, आणि मला त्याची चीड आहे.

सान्तियागोही तसाच लांब गेला. जवळच्या पाण्यात काही मिळेना म्हणून. मासा गवसला, अठरा फुटी, त्याच्या होडीपेक्षा दोन फूट लांब. दीड हजार पौंडांचा अंदाज, पौंडाला तीस सेंट, असा हिशेबही त्यानं मनात मांडला. डोकं थाऱ्यावर नाही, पेन्सिल हवी होती, असंही म्हणाला. बाजारभावाचा हा हिशेब समीक्षेत फारसा येत नाही, तू आण. आणि मग तो उरलेल्या माशाची माफी मागतो. मी इतक्या लांब यायला नको होतं, तुझ्यासाठीही नाही आणि माझ्यासाठीही नाही. चिकाटीची कादंबरी म्हणून जी गाजली तिच्यात चिकाटीच्या मर्यादेबद्दल असं स्वच्छ लिहिलेलं आहे. तुझं शीर्षक, 'माणूस विरुद्ध निसर्ग', हे याच्यापुढे टिकत नाही.

शीर्षकाचा आणखी एक दोष. पुस्तकातच दोन प्रकारचे कोळी आहेत. एक तरुण, शार्कच्या यकृताचा भाव चढला तेव्हा पैसे करून मोटरबोटी घेतलेले. ते समुद्राला प्रतिस्पर्धी मानतात, शत्रूसुद्धा. दुसरा हा म्हातारा. त्याच्या मनात समुद्र बाईसारखा आहे, देते किंवा राखून ठेवते, आणि कधी वेड्यासारखं वागली तर तिचा नाइलाज असतो. आपल्याकडे तापीमाय म्हणणारे लोक पुरानं मळई नेली तरी माय म्हणायचं सोडत नाहीत, त्यातलाच हा. तेव्हा 'विरुद्ध' हा चष्मा मोटरबोटवाल्यांचा आहे. म्हातारा माशाला भाऊ म्हणतो आणि मारतोही. पहिला शार्क आला तर त्याच्या देखणेपणाची, न भिण्याची तारीफ करतो. नंतर जे कळपानं येतात ते मात्र त्याला मनापासून घाण वाटतात. सगळे शार्क एका पोत्यात भरून 'समाज' अशी चिठ्ठी लावलीस, तर हा भेद गेला.

सिंहांबद्दल. तू लिहिलंस सिंह म्हणजे पराक्रम. परत वाच. पोरवयात तो आफ्रिकेला जाणाऱ्या शिडाच्या जहाजावर होता, तेव्हा संध्याकाळी किनाऱ्यावर त्यानं सिंह पाहिले. आता त्याला वादळांची स्वप्नं पडत नाहीत, बायांची नाहीत, मोठ्या माशांची नाहीत, मारामाऱ्यांची नाहीत, बायकोचीही नाहीत. फक्त त्या जागा आणि ते सिंह, संधिप्रकाशात मांजराच्या पिल्लांसारखे खेळणारे. दिवसभर झुंजणाऱ्या माणसाच्या स्वप्नात झुंज येतच नाही! यावर एक पान लिहिता येईल, आणि ते तुझंच असेल. याचा अर्थ काय ते मी सांगणार नाही. सांगितलं तर परत यादीत जाईल.

ख्रिस्ताच्या खुणांबद्दल तू पुष्कळ लिहिलंस. खांद्यावर डोलकाठी घेऊन चढ चढणं, वाटेत पाच वेळा बसणं, तळवे वर करून पालथं झोपणं, शार्क दिसल्यावर तोंडातून निघालेला, हातात खिळा ठोकल्यासारखा तो आवाज. हे सगळं आहे, आणि पत्रात काहीही लिहिलं तरी हेमिंग्वेनं ते जाणूनबुजूनच ठेवलंय असं माझं मत. पण हे शंभर जणांनी लिहून झालंय. एक परिच्छेद दे आणि पुढे जा.

त्यापेक्षा एक खरी घटना तुला सांगतो, ती वापर. एप्रिल १९३६ मध्ये हेमिंग्वेनं 'एस्क्वायर' मासिकात मासेमारीवर एक लेख लिहिला होता. त्यात एक छोटी हकीकत आहे. क्यूबातल्या काबान्यासचा एक म्हातारा एकटाच मासेमारीला गेला, मोठा मार्लिन गळाला लागला, त्यानं होडी दूर ओढून नेली. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो साठ मैल पूर्वेला सापडला. होडीला माशाचं डोकं आणि पुढचा भाग बांधलेला, बाकी शार्कांनी खाल्लेला. आणि म्हातारा रडत होता, अर्धवट वेडा झाला होता. एवढीच हकीकत. ती सोळा वर्षं लेखकाजवळ राहिली.

आता दोन्ही शेजारी ठेव. खऱ्या म्हाताऱ्याला इतरांनी शोधून काढलं. कादंबरीतल्याला शोधायला विमानं जातात, पण तो रात्री हवानाच्या दिव्यांच्या उजेडावर स्वतः परत येतो. खरा रडला, हा रडत नाही, त्याच्या वाटचं पोरगा रडतो. सकाळी म्हाताऱ्याचे हात बघून मनोलिन कॉफी आणायला निघतो आणि सगळा रस्ता रडत जातो, लोकांनी पाहिलं तरी पर्वा करत नाही. लेखकानं काय बदललं हे दिसलं की त्याला काय हवं होतं ते दिसतं. हेमिंग्वेनं रडणं काढून टाकलं नाही, पोराकडे दिलं. हे मला फार मोठं वाटतं. प्रतीकांच्या यादीत ते कुठे बसवशील?

गरिबीबद्दल तू एक ओळ लिहिलीस, तीही पुस्तकी. रोज संध्याकाळी पोरगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा म्हणतो, पिवळा भात आणि मासे, पातेलंभर. असं पातेलं नसतं, हे दोघांना माहीत असतं. पोरगा जाळं मागतो, ते कधीच विकलेलं असतं, हेही दोघांना माहीत. तरी रोज हा संवाद होतो. मग पोरगा हॉटेलवाल्याकडून डबा आणतो. काळ्या घेवड्याचा भात, थोडं कालवण, आणि तळलेली केळी. (रावेरच्या तुझ्या मैत्रिणीला हे सांग.) आमिषाचे सार्डिन पोराचे, पहाटेची कॉफी पोराबरोबर, पुढे समुद्रात पुन्हा पुन्हा 'पोरगा असता तर'. एकट्या वीराची ही कादंबरी आहे असं म्हणणाऱ्यांनी पहिली वीस पानं वाचलेली नसतात.

तुझ्या घरी हे पुस्तक इंग्रजीत कुणी वाचणार नाही. पु. लं.नी ते १९६५ मध्ये 'एका कोळियाने' या नावानं मराठीत आणलं. माझी प्रत पाठवतोय. वडलांना रात्री खळ्यात बसून दोन-चार पानं वाचून दाखव, मासा लागल्यापासूनची. ते काय विचारतात ते लिहून ठेव. बहुतेक दोरीबद्दलच विचारतील, किंवा भावाबद्दल. प्रतीकांबद्दल विचारणार नाहीत, आणि तरी त्यांना तुझ्या मार्गदर्शकांपेक्षा जास्त कळलेलं असेल. हे वाक्य मार्गदर्शकांना दाखवू नकोस.

शेवटी मनोलिन. तुझ्या यादीत तो 'आशा' आहे. सांगाडा किनाऱ्याला लागल्यानंतरचा संवाद काढ. पोरगा म्हणतो, आता आपण बरोबर जायचं. म्हातारा म्हणतो, माझं नशीब नाही. पोरगा म्हणतो, खड्ड्यात गेलं नशीब, मी माझं घेऊन येईन. आणि मग दोघं कशावर बोलतात? आयुष्यावर नाही, हारजितीवर नाही. मारायला एक चांगला भाला कायम होडीत हवा, यावर. पातं जुन्या फोर्ड गाडीच्या पाट्याचं करता येईल, ग्वानाबाकोआ गावात घासून आणू. धार हवी पण पाणी देऊन कडक केलेलं नको, मोडतं. माझा चाकू मोडला. पोरगा म्हणतो, दुसरा चाकू आणतो, पाटाही घासून घेतो, वारा किती दिवस राहील? म्हातारा म्हणतो, तीन दिवस, कदाचित जास्त.

हे पान तुझ्या निबंधात नाही. निबंध इथून सुरू कर. मग उलटं मागे जा, दोरीपर्यंत. सुरुवातीची दोन पानं, यादीसकट, काढून टाक. वाईट वाटेल, तरी काढ. बारा पानांचा निबंध आठवर आला तरी चालेल, परिसंवादात कुणी बारा ऐकत नाही. रोहिणी नक्षत्राच्या आत नवा खर्डा दे, नंतर तू लागवडीत अडकशील आणि मला सबबी ऐकाव्या लागतील.

आईनं पाठवलेले खापरावरचे मांडे पोचले. रस इथेच केला. डबा एवढ्यात परत येणार नाही, त्यात तुझ्या निबंधाची प्रत ठेवली आहे. खर्डा आणशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
सर